रुसवी पेटी

२४ एप्रिल १९९६. दोन माणसे, एक म्हैस.

कसबा बावड्याच्या नदीकाठी सकाळी नऊच्या सुमारास पाण्यावर नेलेली म्हैस मोटरीच्या लोखंडी पेटीला घासली आणि जागीच कोसळली. तिला ओढायला तिचा मालक गेला. मालकाला ओढायला शेजारच्या उसातला माणूस गेला. तिसरा कोणी गेला नाही, कारण तोवर एकाला खांबावरचे फ्यूज काढण्याचे सुचले होते. पेटीच्या आतली एक वायर झिजून पत्र्याला टेकली होती. चूक एवढीच होती. एक जीव न कळून गेला आणि दोन दुसऱ्याला वाचवण्याच्या धावपळीत गेले.

पंचनाम्याच्या आधी गावातल्या ज्या दोन वायरमनना बोलावण्यात आले, ते कागल रस्त्यावरच्या एका सूतगिरणीच्या विद्युत विभागात कामाला होते. त्या आठवड्यात दोघांची दुसरी पाळी असल्याने दोघेही घरी सापडले. एक सयाजी, बावड्याचाच, जन्मापासून एकाच गल्लीत राहिलेला. दुसरा सिद्धलिंग, मुरगूडच्या एका लिंगायत किराणा दुकानदाराचा धाकटा मुलगा, नोकरीसाठी बावड्यात भाड्याने राहणारा. आयटीआयला दोघे एका बाकावर होते आणि गिरणीत एकाच दिवशी लागले होते. मोटर भरण्यात, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालण्यात, सयाजीचा हात अधिक चांगला होता. हे सिद्धलिंग स्वतःहून सांगत असे.

चादरी टाकलेल्या दोन देहांपाशी उभे असताना सयाजी सिद्धलिंगला म्हणाला, "वीज जमिनीत झिराय लागली की आपसूक बंद पडंल, अशी पेटी गरिबाच्या मोटरीला का मिळू नये रं?"

सिद्धलिंग म्हशीकडे पाहत होता.

शोकाच्या वेळी माणूस असे काहीतरी बोलतो आणि विसरतो. सयाजीही विसरला असता, जर ते वाक्य दुसऱ्या कोणी उचलले नसते. पुढची बारा वर्षे ते त्याच्या मनात जागे राहिले. मेलेल्यांची आठवण म्हणून नव्हे. चोरीला गेलेल्या वस्तूची जागा जशी घरात दिसत राहते, तसे.

नोकरी सोडून स्वतःचे काही उभारणाऱ्यांच्या हकिकती लिहिल्या जातात. त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून राहिलेल्या माणसाची हकिकत सहसा लिहिली जात नाही, कारण तिच्यात काही घडत नाही अशी समजूत आहे. सयाजीच्या बाबतीत ही समजूत खरी नाही.

त्यानंतरचे दीड वर्ष सिद्धलिंग पाळी संपल्यावर घरी बसून एक पेटी जुळवत होता. अशी साधने मोठ्या कारखान्यांत होती. दोन एकरवाल्याला परवडतील अशी नव्हती. मोटरीकडे जाणाऱ्या तिन्ही तारांतल्या विजेचा मेळ सतत तपासायचा आणि तो बिघडला, म्हणजेच वीज वाटेत कुठेतरी झिरपू लागली, की क्षणात मोटर बंद करायची, एवढेच त्या पेटीचे काम. त्यासाठी लागणारी पहिली कॉईल सयाजीने भरून दिली. तीन रविवार खपून त्याने ती भरली, आणि तितके नेटके काम त्याच्या हातून आधी झाले नव्हते.

ऑक्टोबर १९९७ मध्ये गिरणीच्या कँटीनमध्ये सिद्धलिंग म्हणाला, "सया, दोघं मिळून सोडू. कॉईल तू कर, बाकीचं मी बघतो."

"आणि पगार?"

"पगार न्हाय. सुरवातीला तर न्हायच."

"मग खायचं काय, कॉईल?"

"चेष्टा नगं. एकटा गेलो तर तुझ्यासारखी कॉईल मला जमायची न्हाय."

"जमंल की. माझी पर्मनंट हाय लेका. घराचा स्लॅब पडायचाय. तुझं बरं हाय, मुरगुडात दुकान हाय पाठीशी."

दुकान थोरल्या भावाचे झाले होते आणि सिद्धलिंगला तिथे परतायची वाट नव्हती, हे सयाजीला माहीत होते. तरी तो तसे म्हणाला. नकार देणाऱ्याला दुसऱ्याचे धाडस स्वस्त आहे असे मानावे लागते. तसे मानले नाही तर नकार अंगावर येतो. नकारात मात्र निंद्य काही नव्हते. पगार ही लहान गोष्ट नाही, आणि ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याने ती सोडावी असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नोव्हेंबरात निरोपाचा चहा झाला. विद्युत विभागाच्या भिंतीला प्रत्येकाच्या नावाचा एक हुक होता. त्यावर डबा आणि पिशवी टांगायची. सयाजीने उठून भाषण केले. "सिद्धाप्पा चाललाय. पण त्येचा हुक मी कुणाला देणार न्हाय. सहा म्हैन्यात पावणं परत येणार!" सगळे हसले. सिद्धलिंगही हसला.

सयाजीने खरोखरच तो हुक रिकामा ठेवला. नव्या वायरमनने त्याच्यावर पिशवी अडकवली, तर ती काढून तो खाली ठेवी. लोकांना ती मैत्री वाटली. त्यालाही पहिले वर्षभर तसेच वाटत होते. मग एका सकाळी त्याच्या ध्यानात आले की आपण त्या हुकाकडे आठवणीने पाहत नाही. उंदीर सापडला का म्हणून सापळ्याकडे पाहावे, तसे पाहतो.

सिद्धलिंग परत आला नाही. बावड्याच्या टोकाला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन तो पेट्या बनवू लागला. विकताना त्याची एक अट असे, आणि ती त्याने स्वतःवरच घातलेली होती: पेटी बंद पडली की चोवीस तासांच्या आत आपण यायचे, वीज कुठे झिरपते ते शोधून द्यायचे आणि त्याचे काही घ्यायचे नाही. पेटी विकणे हे त्याचे काम नव्हते; हे येणे त्याचे काम होते. एम-एटी नावाच्या एका जुन्या दुचाकीवर तो वाटेल तिथे जाई. पेटीचे झाकण लावून त्याच्या प्रत्येक स्क्रूवर त्याची बायको मल्लव्वा नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका देई. ठिपका शाबूत म्हणजे पेटी कोणी उघडलेली नाही.

त्याने पेटीला ‘सुरक्षा’ असे नाव दिले होते. ते कोणी घेतले नाही. या भागातल्या वायरी जुन्या, जोड उघडे, चिखलात लोळलेले. त्यामुळे पेटी वरचेवर बंद पडे. लोक म्हणू लागले, रुसली. डेअरीवर दूध घालायला आलेला हंबीरराव, सयाजीच्या गल्लीतला साठीचा शेतकरी, एकदा चारचौघांत म्हणाला, "घरात बायको रुसतीया, रानात पेटी. मनवायचं तरी किती मानसानं?"

सिद्धलिंग कॅन बाजूला सरकवत म्हणाला, "तात्या, काकी उगंच रुसत्यात व्हय?"

"न्हाय बाबा. कायतरी माझंच चुकल्यालं असतंय."

"मग पेटीचं बी तसंच की."

डेअरी हसली. तेव्हापासून ती रुसवी पेटी झाली, आणि पुढच्या खेपेला सिद्धलिंगने पत्र्यावर तेच नाव रंगवून घेतले. सयाजी त्या घोळक्यात किटली हातात धरून उभा होता. लोकांनी एखाद्या वस्तूला आपल्या तोंडचे नाव द्यावे, असे त्याच्या आयुष्यात कधी घडले नव्हते. त्याने हजारो मोटरी भरल्या होत्या. त्यांवर गिरणीचा नंबर असे.

मत्सर आपल्याहून वरच्याचा वाटतो, असे आपण धरून चालतो. सयाजीला तो खालच्याचा वाटत होता. त्याच्या घराला स्लॅब पडला होता, दारात नवी स्कूटर होती, दिवाळीला बोनस होता. सिद्धलिंगच्या शेडला पावसात तीन ठिकाणी बादल्या लावाव्या लागत आणि एम-एटी उतारावर ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. सिद्धलिंगकडे पैसा असता तर सयाजीने तो मोजला असता, आपल्याशी ताडून पाहिला असता, आणि कदाचित शांत झाला असता. त्याच्याकडे जे होते त्याला नाव नव्हते, म्हणून ते कोणाकडे मागता येत नव्हते आणि नाकारताही येत नव्हते. एम-एटीचा आवाज गल्लीत आला की सयाजी रेडिओ मोठा करी.

२००१ च्या खंडेनवमीला मल्लव्वाने सयाजी आणि त्याची बायको शालूबाई यांना शेडवर पूजेला बोलावले. हत्यारे मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले होते. धोंडुबाई नावाची एक म्हातारी मुद्दाम दुरून आली होती. तिचा नातू ओल्या पाटात मोटरीपाशी उतरला होता आणि त्याच क्षणी पेटी रुसली होती. म्हातारीने सिद्धलिंगच्या चेहऱ्यावरून हात उतरवून कानशिलाशी दहाही बोटे मोडली.

"सिद्धाप्पा, आतापतूर किती जीव वाचवलंस रं बाबा?"

सिद्धलिंग ओशाळला. "मेलेलं मोजता येत्यात आज्जी. न मेलेलं कसं मोजायचं? ती तर बाजारात हिंडत्यात की."

मल्लव्वा प्रसादाची ताटली घेऊन सयाजीकडे वळली. "सयाजीअण्णा, बघा बघा, पहिली कॉईल तुमचीच की. देवाजवळ ठेवलीया आम्ही."

शेडच्या कोपऱ्यातल्या फळीवर, देवाच्या तसबिरीखाली, चार वर्षांपूर्वी त्याने भरलेली कॉईल कुंकवाने माखून बसली होती. दुसऱ्या कोणाला हा मान वाटला असता. सयाजीच्या मनात एकच आले: हात माझा होता हे सांगतात, वाक्य माझे होते हे कोणी सांगत नाही. ते वाक्य फक्त सिद्धलिंगने ऐकले होते. आणि तो विसरला असेल, किंवा विसरल्यासारखे दाखवत असेल. यांपैकी काय खरे हे विचारून कळले असते. सयाजीने विचारले नाही. मत्सराला उत्तर नको असते. उत्तर मिळाले तर त्याचे खाणे बंद होते.

परतताना शालूबाई स्कूटरवर मागून म्हणाली, "त्यांच्याकडं बसाय धड दोन खुर्च्या न्हाईत, पण मानसं हुभी ऱ्हात्यात बघा. आपल्याकडं सोफा हाय, येतंय कोण?"

"मग जा की तितंच ऱ्हायाला."

"कायतरीच काय बोलतायसा? म्या आपलं दिसलं ते सांगितलं."

त्या दिवशी सयाजी जेवला नाही. पोट बिघडल्याचे त्याने सांगितले.

मे २००३ मध्ये ऊस करपत होता आणि वीज दिवसातून थोडेच तास येत होती. चौदा तारखेला, सयाजीच्या सुट्टीच्या दिवशी, हंबीरराव दारात आला. रुसवी पेटी घेणाऱ्यांत तो पहिल्या दहांतला.

"सयाजी, चल बाबा जरा. सकाळपासनं तीनदा रुसलीया. दोनला लाईट जातीया. सिद्धाप्पा आजऱ्याला गेलाय, उद्या सकाळच्याला येतोय म्हनं."

"त्येच्या पेटीला मी कशाला हात लावू, तात्या?"

"लेका, त्येला शिकवलं कुणी? तूच की."

हे खरे नव्हते, पण सयाजी लगेच उठला.

मळ्यात गेल्यावर त्याने मोटर सुरू केली. मिनिटाच्या आत पेटीने ती बंद केली. आपण काय पाहत आहोत याविषयी त्याला शंका नव्हती. वीज झिरपत होती. कुठल्या जोडातून, हे शोधायला अर्धा दिवस लागला असता. पेटी खरे सांगत होती. हंबीररावला त्याने सांगायला हवे होते की आज ऊस वाळू दे. सिद्धलिंगने तेच सांगितले असते, शिव्या खाल्ल्या असत्या, आणि अंधार पडेपर्यंत जोड तपासत बसला असता.

सयाजीने स्क्रूड्रायव्हर घेतला. झाकणाच्या स्क्रूंवरचे लाल ठिपके खरवडून झाकण काढले. वितभर तारेचा तुकडा सोलून त्याची दोन टोके आतल्या जोडाच्या दोन स्क्रूंखाली दाबली. आता पेटी कितीही रुसली तरी मोटरीला ते कळणार नव्हते.

मोटर चालू झाली आणि चालू राहिली. पाणी पाटात आले.

"आता रुसणार न्हाय, तात्या."

"आयला! तुझ्या हाताला गुण हाय बघ. सिद्धाप्पा असता तर दिस घालवला असता त्येनं."

हंबीररावची बायको झुंबरबाई चहा घेऊन आली. तिने सयाजीला लहानपणापासून पाहिले होते. "सयाजीनं रुसवा काढला म्हनायचा!" ती म्हणाली, आणि बशी त्याच्या हातात देताना तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो चहा गोड लागला. सहा वर्षांत इतके गोड त्याला काही लागले नव्हते.

दोन दिवसांनी येऊन तार काढायची, असे त्याने ठरवले होते. हेही खरे आहे, आणि ते नोंदले पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी डेअरीवर हंबीररावने सर्वांदेखत सांगितले की सिद्धाप्पाला वर्षानुवर्षे जमले नाही ते सयाजीने एका तासात केले. सिद्धलिंग तिथेच होता. तो म्हणाला, "मी येऊन बघतो की एकदा."

"नगं, नगं. तुझ्या बापानं दुरुस्त केलीया!" हंबीरराव म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. या वेळी सयाजीही हसणाऱ्यांत होता. तार काढायची म्हणजे हे हसू परत द्यायचे. त्याने अकरा दिवस ते जवळ ठेवले.

२६ मे २००३. एक माणूस.

हंबीररावने पाण्याने ओल्या झालेल्या लोखंडी पाईपला हात लावला होता. झुंबरबाई हाका मारत गल्लीपर्यंत धावत आली तेव्हा सयाजी पाळीवर जायला निघाला होता. मळ्यात तो सर्वांआधी पोहोचला. त्याने मेन स्विच पाडला. मग पेटी उघडली, तार ओढून काढली आणि शर्टाच्या खिशात घातली. मग तो हंबीररावकडे वळला. आधी तार, मग तात्या: हा क्रम त्याला पुढे कधी बदलता आला नाही.

तपासणीसाठी वीज खात्याचे साहेब आले. त्यांनी चारदा परीक्षा घेतली; चारही वेळा पेटीने मोटर बंद केली. लोक म्हणाले, "मानूस खाल्ल्यावर शाणी झाली व्हय?" अहवालात लिहिले गेले की साधन कधी चालते, कधी चालत नाही, त्यावर भरवसा ठेवता येणार नाही. झुंबरबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "सयाजीनं दुरुस्त केलती की हो. त्यानं जीव तोडून केलतं. पेटीच दगाबाज, त्यो तरी काय करंल?"

जिचा नवरा गेला तिच्याच साक्षीने सयाजी निर्दोष ठरला.

पंधरा दिवसांत लोक पेट्या काढून सिद्धलिंगच्या शेडपुढे आणून टाकू लागले. सयाजी स्कूटरवरून तिथून जाई. त्याला आनंद झाला नाही असे लिहिणे सोपे आहे. पहिल्या दिवशी झाला. ढीग पाहून त्याने स्कूटर हळू केली आणि पुढच्या चौकातून वळून तो पुन्हा पाहून आला. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागला.

आठवड्याने सिद्धलिंग घरी आला. शालूबाईने त्याला सोफ्यावर बसवले. त्याने चहा अर्धा संपवला आणि विचारले, "सया, तू उघडलीस तवा आत काय दिसलं?"

सयाजीने त्याच्या पायांकडे पाहिले. "काय न्हाय. दोन स्क्रू ढिलं होतं, आवळलं."

"दोनच?"

"दोनच."

सिद्धलिंगने उरलेला चहा प्यायला, शालूबाईला "येतो वैनी" म्हणाला आणि गेला. दारात एम-एटी सुरू होईना. सयाजीने खिडकीतून पाहिले, पण ढकलायला तो खाली उतरला नाही.

सिद्धलिंग काहीतरी बोलेल, डेअरीवर, देवळात, साहेबांपुढे, याची सयाजी रोज वाट पाहू लागला. तो बोलला असता तर भांडता आले असते. सिद्धलिंगने विकलेल्या सगळ्या पेट्या परत मागवल्या आणि आतला तो जोड घट्ट होणारे रेझिन ओतून बंद करायचे काम घेतले, म्हणजे तार टाकायला स्क्रूच सापडू नये. दोन वर्षे तो आणि मल्लव्वा हेच करत राहिले. लोकांना तो एवढेच सांगे: "वितभर तारेनं फसंल अशी पेटी मी केली, ही माझी चूक." सयाजीच्या कानावर हे आले तेव्हा त्याला कळले की सिद्धलिंगला सगळे ठाऊक आहे. आणि ज्या भावनेने त्याला आजवर छळले होते ती आता निराळ्या जागी जाऊन बसली. पूर्वी त्याला सिद्धलिंगच्या नावाचा हेवा वाटे. आता त्याच्या गप्प राहण्याचा वाटू लागला. एवढे मोठे गुपित बाळगून जो माणूस रात्री झोपू शकतो, त्याच्यापाशी काय आहे? आपला अपराधसुद्धा त्याने आपल्या कामात घेतला, आपल्याकडे राहू दिला नाही, असे सयाजीला वाटे.

हळूहळू लोक पेट्या परत नेऊ लागले. झुंबरबाईने नेली नाही.

२००६ मध्ये सूतगिरणी बंद झाली. विद्युत विभागाच्या खोलीला सील लागले. रिकामा हुक आतच राहिला. सयाजी चार महिने घरी होता. एका सकाळी सिद्धलिंग दारात उभा राहिला, वर आला नाही. खालूनच ओरडला, "सया! रुसवं शोधाय मानूस पायजे. येतूस का?"

सयाजी गेला. काम त्याला चांगले जमले. पेटी बंद पडली की तो जाई, वायर वीतवीत तपासी आणि वीज कुठून निसटते ते शोधून काढी. लोक त्याच्याशी आदराने बोलत. नऊ वर्षांपूर्वी कँटीनमध्ये जे देऊ केले गेले होते तेच त्याला मिळत होते. फक्त आता ते भागीदाराला नव्हे, नेमलेल्या माणसाला मिळत होते. पत्र्यावरचे ‘रुसवी’ हे नाव त्याला रोज वाचावे लागे.

२००८ च्या उन्हाळ्यात एका दुपारी, शेडमध्ये दोघेच असताना, त्याने स्कूटरच्या डिकीतून ती तार आणली आणि टेबलावर ठेवली. तिची टोके अजून वाकलेली होती.

सिद्धलिंगने तिच्याकडे पाहिले. "जपून ठेवलीस की रं."

"तुला ठावं होतं."

"ठिपकं खरवडल्यालं दिसलं. कुणी उघडली, ते काकीनं सांगितलं. अजून काय लागतंय?"

"मग बोलला का न्हाईस?"

"ते बोलणं तुझं होतं. मी कसं बोलू?" सिद्धलिंगने तार टेबलावर बाजूला सरकवली. मग म्हणाला, "नदीवरचं वाक्य बी तुझंच होतं. दोन मढ्यांपुढं बोलल्यालं. ते मी न विचारता घेतलं. हे दुसरं तरी तुझ्याकडं ऱ्हाऊ दे म्हटलं."

ज्या पावतीसाठी सयाजी बारा वर्षे जळत होता ती त्याला अशी मिळाली. तिचे काय करायचे ते त्याला कळेना.

"मला सांगून भागत न्हाय," सिद्धलिंग म्हणाला. "मला ठावंच होतं. जिला ठावं न्हाय तिच्याकडं जा. तिची मोटर पेटीशिवाय चालतीया, पाच वर्सं."

दुसऱ्या सकाळी सयाजी नवी पेटी काखेत घेऊन मळ्यात गेला. झुंबरबाई आता एकटीच शेत पाहत होती. तिने त्याला ओळखले, पेटीही ओळखली.

"ती मानूसखाई माझ्या रानात नगं, सयाजी."

"काकी, पेटी खोटी नव्हती."

"तू बी तिचीच बाजू घेतूस? तुझ्यासारख्या जाणत्याला फसवलं तिनं. मी डोळ्यानं बघितलंय तू किती जीव लावून केलतंस ते. तुझ्यावर इस्वास हाय म्हनून सांगते, ती माघारी ने. बस, चहा टाकते."

सयाजी बसला. तार खिशात होती. चहा आला, त्याने तो प्यायला. झुंबरबाईने त्याच्या घरची विचारपूस केली. शेवटी त्याने फावडे मागून घेतले, मोटरीजवळ छातीइतका खोल खड्डा काढला, त्यात कोळसा आणि मीठ घालून मोटरीतली गळकी वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची नवी पट्टी पुरली आणि वर पाणी ओतले. तेव्हापासून दर महिन्याला तो जातो, खड्ड्यात पाणी घालतो, जोड तपासतो, वायरीला चिकटपट्टी लावतो. झुंबरबाई गल्लीत सांगते की पोटच्या पोराने केले नसते इतके सयाजी करतो. ते ऐकून शालूबाईला बरे वाटते.

अर्थिंगने धोका कमी होतो, जात नाही. हे सयाजी कोणाहीपेक्षा चांगले जाणतो. पेटी बसवायची तर तिच्यावरचा आळ काढावा लागेल, आणि तो काढायला एकच वाक्य पुरे आहे.

झुंबरबाईच्या मोटरीवर अजून पेटी नाही. तार कोणी टाकली, हे तिला सांगायचे राहिले आहे.